उत्तर न देणारा सर्व्हर

सोमवार, ५ मे २०२५

दुसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकल परीक्षेची पहिली बॅच आज दहाला होती. सव्वानऊला शिपाईमामांनी लॅब उघडली. मशीनं सुरू व्हायलाच नेहमीपेक्षा फार वेळ लागत होता. सुरू झाली तेव्हा लॉगिनची चौकट आली, पण कोणाचंच लॉगिन होईना. पासवर्ड चुकला असंही मशीन म्हणत नव्हतं. पासवर्ड घ्यायचं आणि गप्प बसायचं.

काल संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, विजा झाल्या, लाइट अनेकदा गेली आणि आली. रॅकमधला लिनक्स सर्व्हर वरून पाहता ठीक होता. हिरवा दिवा लागलेला, नेटवर्कचा दिवा लुकलुकत होता, पिंगला उत्तर येत होतं. मॉनिटर जोडला तेव्हा कळलं की डिस्क कंट्रोलरने मान टाकली आहे. सर्व्हर कनेक्शन घेत होता, प्रश्न ऐकून घेत होता, आणि उत्तर देत नव्हता. पूर्ण बंद पडलेल्या सर्व्हरपेक्षा हा प्रकार वाईट. बंद सर्व्हरकडून काही मिळणार नाही हे समोरच्या मशीनला दोन-तीन सेकंदांत समजतं. असा अर्धमेला सर्व्हर मात्र प्रत्येक प्रश्नाला पूर्ण मुदत संपेपर्यंत ताटकळत ठेवतो.

विद्यार्थ्यांची खाती त्या सर्व्हरवरच्या एलडॅप या मध्यवर्ती डिरेक्टरीत आहेत, म्हणून ती अडणार हे उघड होतं. अशा दिवसासाठीच प्रत्येक मशीनवर एक स्थानिक खातं ठेवलेलं आहे. त्याचं नाव आणि पासवर्ड त्याच मशीनच्या डिस्कवर असतात, सर्व्हरशी संबंध नाही. निदान कागदावर तरी नाही. आज तेही अडलं. काळ्या पडद्याच्या टेक्स्ट कन्सोलवर गेले, नाव दिलं, बरोबर पासवर्ड दिला, आणि मिनिटभराने ओळ आली: ‘लॉगिन टाइम्ड आउट आफ्टर सिक्स्टी सेकंड्स.’ रूटचंही तेच. ज्या मशीनसमोर बसले होते, ज्याची डिस्क शाबूत होती, ज्याचा पासवर्ड मला माहीत होता, ते मशीन मला आत घेत नव्हतं.

सर्व्हर बंद केला. थांबणं कमी झालं, संपलं नाही.

मग एकच वाट होती. मशीन रीस्टार्ट करायचं, शिफ्ट दाबून ग्रबचा मेन्यू आणायचा आणि रिकव्हरी मोडमधून रूटच्या शेलवर जायचं. तिथे नेहमीचं लॉगिनच होत नाही, त्यामुळे सर्व्हरची आठवण काढायची वेळ मशीनवर येत नाही. डिस्क तेव्हा फक्त वाचता येते, ती लिहिता येईल अशी पुन्हा माउंट करायची. मग एनएसस्विच नावाची छोटी फाइल उघडायची आणि पासवर्ड, ग्रुप व शॅडो या तीन ओळींतून एलडॅप हा शब्द काढायचा. सर्व्हरवरून येणारी होम डिरेक्टरी जोडणारी ओळही बंद करायची. परीक्षेसाठी नवं स्थानिक खातं करायचं, त्याचं घर त्याच डिस्कवर द्यायचं.

पहिलं मशीन उघडल्यावर दुरुस्त फाइल पेनड्राइव्हवर घेतली. दोघे लॅब असिस्टंट आणि मी, तिघांनी रांगा वाटून घेतल्या. शिफ्ट नेमकी कधी दाबायची हे मामांनी पाहून घेतलं आणि आमच्या पुढच्या रांगेतली मशीनं ते मेन्यूवर आणून ठेवत गेले. एक्स्टर्नल सरांनी तोवर ओरल सुरू केल्या. ते बाहेरगावहून सकाळची एसटी पकडून आलेले, संध्याकाळी परतायचं होतं, तरी त्यांनी एकदाही घाई केली नाही. साडेअकराला प्रॅक्टिकल सुरू झालं.

पोरं व्हरांड्यात जर्नल छातीशी धरून उभी होती. परीक्षेच्या तयारीने आलेल्या मुलांना यंत्राच्या दोषासाठी उभं राहावं लागलं, हे मला लागलं. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवायचं आहे.

मंगळवार, ६ मे

स्थानिक खातं का अडलं, हा प्रश्न काल दिवसभर डोक्यात होता. आज दुसरी बॅच सुरळीत सुरू झाल्यावर एका बिघडलेल्या मशीनच्या लॉग फायली घेऊन बसले. उत्तर त्यांत सरळ लिहिलेलं होतं.

लॉगिन करताना मशीन तीन वेगळे प्रश्न विचारतं. हा माणूस कोण? याचा पासवर्ड बरोबर आहे का? आणि हा कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे? यांतला पासवर्डचा प्रश्न पॅमकडे जातो. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या विपिन समर आणि रोलंड शेमर्स यांनी १९९५ मध्ये पॅमची कल्पना मांडली, म्हणजे लॉगिनच्या प्रोग्रामला हात न लावता पासवर्ड तपासायची पद्धत बदलता यावी. बाकीचे दोन प्रश्न एनएसस्विचच्या वाटेने जातात. त्या फाइलीत आधी ‘फाइल्स’ आणि मग ‘एलडॅप’ असा क्रम होता. म्हणजे आधी स्वतःच्या डिस्कवर पाहा, तिथे मिळालं नाही तर सर्व्हरला विचारा.

पहिला प्रश्न डिस्कवर सुटला. दुसराही सुटला. तिसऱ्याला मात्र ‘मिळालं की थांबा’ हा नियम लागू होत नाही. माणूस एकच असतो, पण तो अनेक ग्रुपमध्ये असू शकतो, आणि त्यांतले काही स्थानिक तर काही सर्व्हरवर असू शकतात. म्हणून पूर्ण यादी करायची तर ज्यांची नावं त्या ओळीत आहेत त्या सगळ्यांना विचारावंच लागतं. रूट आला तरी मशीन सर्व्हरला विचारतं, की बाबा, रूट तुझ्याकडच्या एखाद्या ग्रुपमध्ये आहे का? सर्व्हर बोलत नाही, आणि मशीनचा मालकच मशीनबाहेर राहतो.

थांबण्याचा हिशोबही लॉगमध्ये सेकंदांसकट होता. आमच्या लॅबमधल्या उबुंटूवर जुनी एनएसएस-एलडॅप लायब्ररी आहे. सर्व्हरशी गाठ पडली नाही तर ती ४ सेकंद थांबते आणि पुन्हा विचारते. मग ८, मग १६, मग ३२, मग ६४. पहिल्या चार थांब्यांची बेरीज ६०. आणि लॉगिनचा प्रोग्राम मूळ मांडणीप्रमाणे ६० सेकंदांनी माणसाला बाहेर काढतो. दोन्ही आकडे वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी, आपापल्या जागी विचार करून ठरवलेले. एकत्र आले तेव्हा बरोबर पासवर्डवालाही आत येऊ शकेना.

ही लायब्ररी इतकी हट्टी का? तिच्यात ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ असे दोन पर्याय आहेत आणि मूळ मांडणी ‘हार्ड’ची आहे. सॉफ्ट असेल तर पहिल्या अपयशानंतर ती हात वर करते. आजच्या दिवशी मला वाटलं, हार्ड ठेवण्यात काय शहाणपण? पण दुपारी डबा खाताना शांतपणे विचार केला तेव्हा त्यामागचं कारण पटलं. ‘असा माणूस नाही’ आणि ‘असा माणूस आहे की नाही ते आत्ता सांगता येत नाही’ ही दोन उत्तरं फार वेगळी आहेत. मेल सर्व्हरचं उदाहरण घ्या. त्याने विचारलं, अमुक नावाचं खातं आहे का? सर्व्हर क्षणभर गप्प होता म्हणून लायब्ररीने ‘नाही’ सांगितलं, तर आलेलं पत्र ‘असा पत्ता नाही’ म्हणून कायमचं परत जाईल. चुकीचं ‘नाही’ सांगण्यापेक्षा थांबलेलं बरं, असा तो विचार आहे आणि तो चुकीचा नाही. फक्त रूटच्या बाबतीत तो लावायचा नसतो, कारण रूट कोण हे कोणाला विचारण्याची गरजच नाही.

त्यावरचे उपायही जुनेच आहेत. त्याच लायब्ररीत एक ओळ लिहिता येते: या या खात्यांच्या ग्रुपसाठी सर्व्हरकडे जाऊ नकोस. रूट आणि यंत्रणेची बाकीची खाती तिथे लिहायची. नंतर आलेल्या एनएसएलसीडीमध्ये तर एकेक नाव लिहावं लागत नाही. ‘सगळी स्थानिक खाती’ असा एकच शब्द देता येतो. आमच्याकडे एका पुरवठादाराने काही वर्षांपूर्वी ही लॅब उभी करून दिली तेव्हा ती ओळ रिकामी राहिली. सर्व्हर चालू होता तोवर तिचं रिकामपण कोणाला दिसण्याचं कारण नव्हतं.

संध्याकाळी एका विद्यार्थिनीने विचारलं, मॅडम, मग प्रत्येक मशीनवरच सगळ्यांची खाती का नाही ठेवत? प्रश्न चांगला होता, म्हणून तिला बसवून सांगितलं. १९८३ मध्ये एमआयटीत अथेना प्रकल्प सुरू झाला तेव्हा नेमकं हेच हवं होतं, की विद्यार्थ्याने कॅम्पसमधल्या कोणत्याही मशीनसमोर बसावं आणि आपलं काम समोर यावं. ओळख पटवणारी केर्बेरॉस ही पद्धत त्यातूनच आली. पुढे मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी जड एक्स-५०० डिरेक्टरीसाठी हलका एलडॅप तयार केला, त्याचं पहिलं स्पेसिफिकेशन १९९३चं. साठ मशीनं आणि शेकडो मुलं असताना एकाचा पासवर्ड बदलायला साठ ठिकाणी जाणं शक्य नाही, आणि कॉलेज सोडून गेलेल्याचं खातं एखाद्या मशीनवर राहून जाणं बरं नाही. मुलांसाठी सर्व्हरच हवा. माझं म्हणणं फक्त मशीन सांभाळणाऱ्यांच्या खात्यापुरतं आहे.

बुधवार, ७ मे

पहाटेपासून ऑपरेशन सिंदूरच्या बातम्या. स्टाफ रूममध्ये दुसरा विषय नव्हता. राज्यात ठिकठिकाणी आज नागरी संरक्षणाचा सराव झाला, भोंगे वाजवून पाहिले. ज्याची गरज पडू नये असं वाटतं त्याचाच सराव करावा लागतो. हे मला आज फार जवळचं वाटलं.

ऑफिसातली विंडोज मशीनं वेगळ्या डोमेनवर आहेत, पण दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर. रविवारी दोन्हींना फटका बसला. ऑफिसच्या डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे तिथली खाती तपासणाऱ्या सर्व्हरचा, पॉवर सप्लाय गेला आहे, आणि नवा यायला उद्या उजाडेल.

तरी अकाउंट्समधल्या ताई सोमवारपासून काम करताहेत, आणि शेजारच्या टेबलावर नव्याने आलेल्या कारकुनाला मात्र ‘लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही’ असं उत्तर मिळतंय. त्याला वाटलं आपलं खातंच काढून टाकलं. बिचारा घाबरून आला होता. कारण सांगितलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. विंडोज मशीन आधी यशस्वी लॉगिन केलेल्या लोकांची खूण स्वतःजवळ जपून ठेवतं, मूळ मांडणीत शेवटच्या १० जणांची. डोमेन कंट्रोलर सापडला नाही तर त्या खुणेवरून आत घेतं. ताई त्या मशीनवर वर्षानुवर्षं बसतात. कारकुनाला ते मशीन सोमवारीच मिळालं, त्याची खूण तिथे नाही. त्याला त्याच्या आधीच्या टेबलावर बसवलं, काम सुरू झालं.

अर्थात आत आलं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. टॅलीचा डेटा सर्व्हरवर आहे, तो बंदच.

स्थानिक खात्याने आत यायचं तर नावाआधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ टाकायची, म्हणजे विंडोजला कळतं की डोमेनचं नव्हे, याच मशीनचं खातं हवं आहे. आमच्या दोन्ही असिस्टंटना हे आज पहिल्यांदा कळलं, आणि इतकी साधी गोष्ट आपल्याला कोणी सांगितली कशी नाही याचं त्यांना आश्चर्य वाटलं. मूळचं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खातं मात्र आताच्या विंडोजमध्ये बंद ठेवलेलं असतं. त्यावर विसंबायचं असेल तर आधी ते उघडून ठेवावं लागतं किंवा दुसरं स्थानिक खातं करावं लागतं.

इथे एक अडचण नीट समजून घ्यायला हवी. सगळ्या मशीनवर स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड एकच ठेवला, तर एका मशीनवर तो फुटला की सगळी मशीनं उघडी पडतात. त्यावर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये लॅप्स नावाची सोय दिली. प्रत्येक मशीनचा पासवर्ड वेगळा, आपोआप बदलणारा, आणि तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदलेला. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम. पण ॲक्टिव्ह डिरेक्टरी ज्या डोमेन कंट्रोलरवर आहे तोच बंद असेल, तर तो पासवर्ड वाचायचा कुठे? दुसरी किल्ली घरातल्या कपाटात ठेवून घराला कुलूप लावण्यासारखं ते आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या बिघडलेल्या अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं बसली. तेव्हा कित्येक ठिकाणी हाच पेच पडला. डिस्क उघडण्याची बिटलॉकरची किल्ली सर्व्हरवर, आणि सर्व्हरही बसलेला.

गुरुवार, ८ मे

पॉवर सप्लाय आला. डोमेन कंट्रोलर सुरू झाला, आणि कोणाचंही लॉगिन होईना. त्याच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला, त्यामुळे तीन दिवस वीज नसताना घड्याळ मागे गेलं. केर्बेरॉस दोन्ही बाजूंच्या घड्याळांत मूळ मांडणीप्रमाणे पाच मिनिटांचा फरक चालवून घेतं, त्यापलीकडे नाही. घड्याळ लावलं, सेल बदलला. बाजारात तो कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

लिनक्स सर्व्हरही नव्या कंट्रोलरवर आणि बॅकअपवरून दुपारी उभा राहिला.

एक नोंद राहून गेली होती. सोमवारी सकाळी माहिती शोधायला फोन कॉलेजच्या वायफायला जोडायला गेले तर तेही नाही. वायफायचा रेडियस सर्व्हर पासवर्डसाठी त्याच एलडॅपला विचारतो. शेवटी मोबाइल डेटावर काम केलं. नेटवर्क स्विचमध्ये मात्र ज्याने कोणी मांडणी केली त्याने ती नीट केली आहे: आधी रेडियसला विचार, त्याच्याकडून उत्तर आलं नाही तर स्वतःजवळचं खातं वापर. यातही बारकावा आहे. रेडियसने ‘नाही’ म्हटलं तर स्विच ते ‘नाही’ मानतो, स्वतःच्या खात्याकडे वळत नाही. वळतो तो फक्त उत्तरच न आल्यावर. मंगळवारी ज्या फरकाबद्दल लिहिलं तो इथे योग्य रीतीने पाळलेला दिसला, आणि समाधान वाटलं.

शनिवार, १० मे

दुसरा शनिवार. घरी वाचन.

मेर्स्कची हकीकत पुन्हा वाचली. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि काही तासांत मेर्स्क या त्या वेळी जगातल्या सर्वांत मोठ्या असलेल्या कंटेनर वाहतूक कंपनीची यंत्रणा त्याने पुसून टाकली. आपल्या न्हावा शेव्यातलं मेर्स्क समूहाचं टर्मिनलही त्यात ठप्प झालं. त्या दिवसांत उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनर अडून बसले. जहाजं होती, क्रेन होत्या, माणसं होती. कोणता डबा कोणाचा आणि कुठे जायचा, हे सांगणारी यंत्रणा नव्हती.

मेर्स्कचे जगभर सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. ते एकमेकांशी सतत जुळवून घेत, त्यामुळे एक गेला तर दुसऱ्यावरून तो उभा करता येईल अशी खात्री होती. सगळे एकदम जातील हे धरलेलं नव्हतं. बाकीच्या बऱ्याच सर्व्हरचे बॅकअप होते. पण कोण कोण आहे आणि कोणाला कशाची परवानगी आहे हे सांगणारा कंट्रोलरच नसेल, तर ते बॅकअप घेऊन करायचं काय? शोधाशोध केल्यावर घानाच्या कार्यालयातला एक कंट्रोलर शाबूत सापडला. व्हायरस पसरला त्याआधी तिथली वीज गेली होती, म्हणून ते मशीन नेटवर्कवर नव्हतं. घानाहून इंग्लंडला डेटा पाठवायचा तर तिथलं इंटरनेट फार संथ. घानाच्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी तो नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती डिस्क दिली आणि ती लंडनला पोचली. पुढच्या दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० मशीनं नव्याने उभी केली, असं तिच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं.

आपल्याकडे वीज जाण्याला आपण नेहमी शिव्या देतो. तिथे वीज गेली म्हणून कंपनी वाचली. पण मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते मशीन वाचलं कारण ते बाकीच्यांपासून तुटलेलं होतं. एक प्रत नेटवर्कपासून मुद्दाम तोडून ठेवायची, हे आता आमच्याकडेही करायचं. एलडॅपची साप्ताहिक प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत.

१४ डिसेंबर २०२० ची संध्याकाळही आठवली. लॉकडाउनचं वर्ष, ऑनलाइन तास चालू होते. पाच वाजून गेल्यावर जीमेल, मीट, क्लासरूम सगळं एकदम बंद. पाऊण तासाने परत आलं. गुगलने नंतर कारण दिलं: वापरकर्त्यांची ओळख सांभाळणाऱ्या सेवेचा जागेचा कोटा एका स्वयंचलित व्यवस्थेने चुकून कमी केला होता. त्या पाऊण तासात यूट्यूब लॉगिन न करता उघडलं तर व्यवस्थित चालत होतं. व्हिडिओ जागेवर, सर्व्हर जागेवर. तुम्ही कोण हे विचारणारी सेवा तेवढी अडली होती. इतक्या मोठ्या कंपनीत हे होतं, तर आपल्याकडे होणारच, असं म्हणून सोडून देणारे मला भेटले आहेत. मला उलट वाटतं. ज्यांच्याकडे इतकी माणसं आहेत त्यांनाही हे घडतं, म्हणजे आपल्याला जास्त तयारी हवी.

सोमवार, १२ मे, बुद्धपौर्णिमा

सुट्टी. एचओडी सरांची परवानगी आधीच घेतली होती. दोघे असिस्टंट स्वतःहून आले. मामाही आले, त्यांना यायला सांगितलं नव्हतं.

मधल्या दिवसांत लॅबमधली मशीनं जुन्या लायब्ररीवरून एसएसएसडीवर आणली. विद्यार्थ्यांची माहिती ती स्वतःजवळ साठवून ठेवते, आणि रूटच्या बाबतीत मुळातच मध्ये पडत नाही. पासवर्डची खूण साठवण्याची सोय मात्र मूळ मांडणीत बंद असते, ती मुद्दाम चालू करावी लागते. चालू केल्यावर ती खूण किती दिवस चालेल हेही ठरवावं लागतं. न ठरवल्यास मर्यादाच नाही. म्हणजे नाव काढून टाकलेला मुलगाही सर्व्हर बंद असेपर्यंत जुन्या पासवर्डने आत येऊ शकतो. आम्ही तीन दिवस ठेवले.

मग दोन्ही सर्व्हरच्या नेटवर्क केबल काढल्या आणि एकेका प्रकारच्या मशीनसमोर बसलो. केबल काढण्याशिवाय याची खरी परीक्षा नाही. मांडणीची फाइल वाचून सगळं बरोबर वाटतं. मलाही वाटलं असतं.

पहिल्या दोन लॅबमध्ये रूट आणि स्थानिक खातं लगेच आत. बरं वाटलं. तिसऱ्या लॅबमध्ये पासवर्ड दिल्यावर पुन्हा तीच शांतता. इथे कारण वेगळं होतं. स्थानिक खात्याचं घर ‘होम’च्या खाली, आणि ‘होम’ सगळंच सर्व्हरवरून एनएफएसने येणारं. खातं स्थानिक, पण त्याच्या फायली सर्व्हरवर. एनएफएस हार्ड माउंट असेल तर सर्व्हर परत येईपर्यंत ते वाट पाहतं, ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’ एवढं लिहितं आणि बसतं. त्या खात्याचं घर तिथून हलवून मशीनच्या डिस्कवर दुसऱ्या डिरेक्टरीत नेलं.

काही मशीनवर आत आल्यावर सूडो अडायचं. मशीनला स्वतःचंच नाव होस्ट्स फाइलीत सापडत नव्हतं, म्हणून ते डीएनएसला विचारत होतं. डीएनएस कुठे? केबल काढलेल्या सर्व्हरवर. प्रत्येक मशीनच्या होस्ट्स फाइलीत त्याचं नाव लिहिलं. दुरून एसएसएचने येतानाही असाच उशीर होत होता, कारण येणाऱ्याच्या पत्त्यावरून नाव शोधलं जात होतं. ते शोधणं बंद केलं.

ऑफिसात प्रत्येक मशीनला वेगळा स्थानिक पासवर्ड दिला आणि छापील यादी सील केलेल्या पाकिटात रजिस्ट्रार ऑफिसच्या तिजोरीत ठेवली. पाकिटावर तीन सह्या. उघडलं तर कोणी, कधी, का, याची नोंद करायची आणि नंतर पासवर्ड बदलायचे. कागद म्हटल्यावर एका सहकाऱ्याने नाक मुरडलं. मी ठाम राहिले. सगळी यंत्रणा बंद असताना वाचता येणारी वस्तू कागदच आहे.

दुपारी मामांनी स्वतः एका मशीनवर शिफ्ट दाबून रिकव्हरी मोड उघडून दाखवला. तेव्हा लक्षात आलं की हे मशीनसमोर बसणाऱ्या कोणालाही जमेल. रिकव्हरी मोडने सोमवारी आम्हाला तारलं हे खरं, पण परीक्षेच्या लॅबमध्ये ते दार सताड उघडं ठेवता येणार नाही. आता ग्रबला पासवर्ड आहे. तो पाकिटातल्या यादीत आहे.

बुधवार, १४ मे

परीक्षा संपल्या. सोमवारच्या बॅचमधल्या मुलांना उशिरामुळे कमी वेळ मिळू नये म्हणून एक्स्टर्नल सरांनी त्या दिवशी पूर्ण तीन तास दिले होते, आणि शेवटची एसटी चुकल्याने ते रात्री एका सहकाऱ्याकडे राहिले. विभागाने त्यांना आज आभाराचं पत्र पाठवलं.

आम्ही जे केलं ते मराठीतून टिपून दोन पानांत छापलं आहे, आणि ओळखीच्या कॉलेजांतल्या, नगरपालिकेतल्या, पतसंस्थेतल्या संगणक सांभाळणाऱ्या मंडळींना पाठवते आहे. त्यांतल्या बहुतेकांकडे एकच सर्व्हर आहे, एकच माणूस आहे, आणि वळवाचा पाऊस सगळीकडे पडतो.

ज्यांच्या हाती अशी यंत्रणा आहे त्यांना माझी विनंती आहे. सुट्टीच्या एखाद्या दुपारी, सगळं व्यवस्थित चालू असताना, सर्व्हरची केबल काढा. मग प्रत्येक प्रकारच्या एका तरी मशीनवर स्थानिक खात्याने लॉगिन करून पाहा आणि घड्याळ लावा. दहा सेकंदांत आत येता आलं नाही, तर तुमचं स्थानिक खातं अजून स्थानिक नाही. जूनमध्ये नवं सत्र सुरू होण्याआधी ते दुरुस्त करा.